शिरूर-दौंडच्या माळावर स्पोर्ट एटीव्ही: कुठली घ्यायची, त्याआधी कुठे चालवायची

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांना माहितीये, मध्येच शेजारच्या उसात ट्रॅक्टर सुरू झाला आणि पाच-सात मिनिटं मी काय बोललो ते कुणालाच धड कळलं नाही. बऱ्याच जणांनी मेसेज केले, म्हणून हा लिखित भाग. बोललो तसंच ठेवलंय. आकडे तेवढे पुन्हा तपासलेत आणि दोन ठिकाणी जास्तीचं लिहिलंय.

विषय आला न्हावऱ्याजवळच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. रांजणगाव एमआयडीसीत नोकरी, काही वर्षांची बचत, आणि डोक्यात एकच गोष्ट. "दादा, मला स्पोर्ट एटीव्ही घ्यायचीये. साडेचारशे सीसीची एक सेकंडहँड बघितलीये. घेऊ का? ट्रेल रायडिंगला आपल्याकडे जागाच जागा आहे."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दोन मिनिटांत दिलं असतं. पण त्या शेवटच्या वाक्यावर अडकलो. जागाच जागा आहे? चला बघू.

आधी ही गाडी म्हणजे नक्की काय ते. एटीव्हीचे ढोबळ दोन प्रकार. एक युटिलिटी: पुढे-मागे सामान ठेवायला कॅरियर, फोर व्हील ड्राइव्ह, ॲक्टिव्हासारखं बेल्टवालं ऑटोमॅटिक, वजन तीनशे किलोच्या पुढे. ही शेतातली कामाची गाडी. दुसरी स्पोर्ट: हलकी, बसकी, बाईकसारखे पायाने टाकायचे गिअर, फक्त मागच्या चाकांना ताकद, एकाच माणसाची सीट. रील्समध्ये हवेत उडताना दिसते ती ही.

इतिहास फार लांबवत नाही, पण एक गोष्ट कामाची आहे. सुरुवातीच्या एटीव्ही तीनचाकी होत्या. होंडाने १९७० मध्ये फुग्यासारख्या टायरची तीनचाकी आणली, ती अमेरिकेत तुफान चालली आणि माणसं तशीच तुफान उलटली. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या सरकारसोबतच्या समझोत्यात कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. तोवर सुझुकीने चारचाकी आणलेलीच होती. चौथं चाक आलं आणि लोकांना वाटलं आता ही गाडी उलटत नाही. तो गैरसमज अजून आहे. माझाही होता.

का उलटते, ते समजून घ्यायचं तर ट्रॅक्टर आठवा. ट्रॅक्टर वळताना आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त. हे काम डिफरन्शियल करतं. चाक चिखलात फसलं की ड्रायव्हर डिफ लॉक दाबतो, मग दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पण डिफ लॉक लावून कुणी वळत नाही. वळायला गेलं तर ट्रॅक्टर सरळच रेटत राहतो, हे शेतात वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही.

स्पोर्ट एटीव्ही म्हणजे कायमचा डिफ लॉक लावलेली गाडी. मागचा एक्सल एकच सलग दांडा, दोन्ही चाकं त्याला पक्की. वळताना आतलं चाक घसरलं तरच ती नीट वळते, आणि ते घसरायला हवं तर त्याच्यावरचं वजन कमी पाहिजे. गाडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा वजन आपोआप कमी होतं, पण तेच जास्त झालं की आतली चाकं उचलली जातात. म्हणून चालवणाऱ्याने कूल्हे सीटच्या आतल्या कडेला सरकवायचे, छाती पुढे, डोकं वळणाच्या आत. बाईक स्वतः झुकते, ही झुकत नाही. झुकायचं काम तुमचं. तासाभराने मांड्या भरून येतात ते यामुळे.

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मित्राच्या क्वाडवर मी पहिल्यांदा बसलो तो घोड नदीच्या अलीकडच्या एका मुरमाड उतारावर. बारा वर्षं बाईक चालवलेला माणूस मी, मला काय शिकवणार. उजवीकडे वळताना गाडी सरळच गेली, कलली, आणि मी सवयीने डावा पाय खाली टेकवला. बाईकवर हेच करतो ना आपण. फरक एवढाच की बाईकला पायाच्या मागे चाक नसतं. इथे मागचं चाक बरोब्बर पायावर आलं. घोट्याचं हाड गेलं, सहा आठवडे प्लॅस्टर, वर्क फ्रॉम होम. आईने मित्राशी अजून नीट बोलणं सुरू केलेलं नाही, आणि चूक त्याची नव्हतीच.

त्यामुळे कुठलीही स्पोर्ट क्वाड बघायला जाल तेव्हा आधी इंजिन बघू नका, पायाखाली बघा. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या जागेत लोखंडी दांडा आणि त्यावर ताणलेली जाळी असते, तिला नर्फ बार म्हणतात. पाय घसरला तर जाळीत अडकतो, चाकाखाली जात नाही. बऱ्याच गाड्यांवर कंपनीतून ती येत नाही, वेगळी बसवावी लागते. ती नसेल तर गाडी सुरूच करू नका. दुसरं, मनगटाला बांधायची दोरीवाली किल स्विच. पडलात की दोरी निघते, इंजिन बंद.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. खरी गंमत इथे आहे, आणि सगळे रिव्ह्यू अमेरिकेतले असल्यामुळे यावर कुणी बोलत नाही.

आपल्याकडे "ट्रेल" म्हणजे काय असतं? पाणंद, बांधाकडेची वाट, कालव्याकडेचा रस्ता, नाहीतर माळरान. यातल्या बहुतेक वाटा ट्रॅक्टरने आणि उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या. दोन खोल चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा. यामाहाची रॅप्टर ७०० आर कडेपासून कडेपर्यंत साधारण ११७ सेंटीमीटर रुंद आहे, वायएफझेड ४५० आर १२४ च्या आसपास. मागचे टायर जाड असल्याने चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आणखी कमी. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या त्याहून लांब. म्हणजे क्वाडची दोन्ही चाकं चाकोरीत बसतच नाहीत. एक बाजू खड्ड्यात, दुसरी उंचवट्यावर, आणि गाडी अख्खी वाट तिरकी. बाईक एका चाकोरीतून सुळकन जाते. जीप दोन्ही चाकोऱ्या धरते. क्वाड बिचारी मधल्यामधे लटकते.

त्यात तळाची उंची. स्पोर्ट क्वाडला मागे चेनचं मोठं स्प्रॉकेट आणि ब्रेकची डिस्क त्या सलग एक्सलवरच असते, त्यामुळे गाडीचा सगळ्यात खालचा भाग मागे, दिसत नाही तिथे. यामाहाच्या या मोठ्या गाड्यांत तिथली उंची जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटर. पाबळ-केंदूरकडे मुरमातून डोकं वर काढलेले काळे दगड बघितलेत ना? पुढचं चाक त्यावरून आरामात जातं, खुश होता, आणि मागून खण्णकन आवाज येतो. म्हणून स्प्रॉकेट आणि डिस्कखाली जाड पत्र्याचं कवच हवंच. युटिलिटी गाड्यांत मागची चाकं स्वतंत्र झेपावतात आणि तळ साधारण अठ्ठावीस सेंटीमीटरपर्यंत मोकळा मिळतो. फरक लक्षात घ्या.

मातीचं सांगतो. शिरूरच्या पश्चिमेला मुरूम आणि दगड. पावसातही चालवता येतं. भीमेच्या काठाला, मांडवगण फराट्यापासून खाली दौंडपर्यंत, काळी माती. जुलै ते सप्टेंबर तिथे जाऊच नका. ती चाकाला नुसती चिकटत नाही, थरावर थर चढून मडगार्डमध्ये भरते आणि चाक जाम होतं. रेडिएटरवर बसली की इंजिन तापायला दहा मिनिटं पुरतात. उन्हाळ्यात तीच माती पिठासारखी उडते. एटीव्हीचा एअर फिल्टर बहुधा फोमचा असतो, तो धुऊन, वाळवून, तेल लावून परत बसवायचा. उन्हाळ्यात प्रत्येक राइडनंतर. कंटाळा आला तर इंजिन हिशेब मागतं.

आणि बाभळीचे काटे. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, पाच-सहा पीएसआय. कारमध्ये तीसच्या वर भरतो आपण. त्यामुळे टायर मऊ, पकड चांगली, पण वेडी बाभूळ त्याच्यात सुईसारखी शिरते. टायरमध्ये सीलंट भरून ठेवा, प्लग किट आणि छोटा पंप सोबत ठेवा. आणि हवा मोजायला कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. पेट्रोल पंपावरच्या मीटरला पाच पीएसआय म्हणजे टायर बसलेलाच वाटतो.

आता मॉडेल. इथे मी पटापट जाणार आहे, कारण पर्याय मुळात थोडे.

वायएफझेड ४५० आर ही मोटोक्रॉसची गाडी आहे. ४४९ सीसी, पाणी-तेल भरून १८५ किलोच्या आसपास, पहिला गिअर लांब, आणि रिव्हर्स नाही. मोकळ्या ट्रॅकवर स्वर्ग. पाणंदीत समोरून उसाची बैलगाडी आली तर खाली उतरून १८५ किलो मागे ढकला. हळू चालवताना सतत अर्धा क्लच, हात दुखतो, क्लच जळतो. रॅप्टर ७०० आर ला रिव्हर्स आहे, इंजिन खालच्या वेगालाही ओढतं, म्हणून ट्रेलला ती बरी. पण ६८६ सीसी अंगठ्याच्या टोकावर. पहिली क्वाड म्हणून नको.

होंडाची टीआरएक्स २५० एक्स मला आपल्या भागासाठी सगळ्यात शहाणी वाटते. इंजिन फक्त २२९ सीसी, क्लच ऑटोमॅटिक, रिव्हर्स आहे, आणि चेनऐवजी शाफ्ट. चेन नाही म्हणजे धुळीत रोज तेल-पाणी नाही. रील्समध्ये ती भारी दिसत नाही, हे मान्य. सुझुकीची क्वाडस्पोर्ट झेड ४०० मधली गाडी, तिलाही रिव्हर्स आहे. सुझुकीने ती एकेकाळी भारतात अधिकृतपणे साडेआठ लाखांच्या आसपास विकलीये, त्यामुळे सेकंडहँड बाजारात कागद नीट असलेली मिळण्याची शक्यता या गाडीची जास्त.

उरल्या ११०-१२५ सीसीच्या स्वस्त चिनी क्वाड. ऑनलाइन सगळीकडे दिसतात, रिसॉर्टवर त्याच फिरतात. सत्तर किलोच्या माणसासाठी त्यांची चौकट, ब्रेक, सस्पेन्शन काहीच बनलेलं नसतं. आणि लोक त्या दहा वर्षांच्या पोरांना खेळणं म्हणून घेतात. मोठ्या कंपन्या ९० सीसीवरच्या पूर्ण आकाराच्या गाडीवर स्टिकरच लावतात, की १६ वर्षांखालच्यांना देऊ नका. स्टिकर नाही म्हणून नियम बदलत नाही.

अजून एक गोष्ट विचारात घ्या. स्पोर्ट क्वाड हा प्रकारच जगात आकसतोय. होंडाची टीआरएक्स ४५० आर २०१४ नंतर आली नाही. डाकार रॅलीत २००९ पासून क्वाडचा स्वतंत्र गट होता, २०२५ पासून तोही नाही. सांगायचा मुद्दा, पार्टचा प्रश्न दरवर्षी अवघड होणार. घेण्याआधी त्या मॉडेलचा क्लच प्लेट सेट आणि व्हील बेअरिंग किती दिवसांत मिळतं ते विचारा. "मागवून देऊ" हे उत्तर नाही.

हां, आता ते "जागाच जागा" प्रकरण.

या गाड्या "फक्त ऑफ-रोड" म्हणून विकल्या जातात. आरटीओ पासिंग नाही, नंबर प्लेट नाही. लोकांची समजूत अशी की डांबर सोडलं की आरटीओ संपला. मोटार वाहन कायदा १९८८ मधली सार्वजनिक जागेची व्याख्या वाचा. रस्ता, वाट किंवा लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा. डांबराचा तिथे उल्लेखच नाही. म्हणजे पाणंद, शिवरस्ता, गावची वाट, सगळं आलं. तिथे नोंदणी नसलेली गाडी चालवली तर पहिल्यांदा दोन ते पाच हजार दंड, पुन्हा सापडलात तर पाच ते दहा हजार किंवा एक वर्षापर्यंत कैद. अल्पवयीन पोरगं चालवत असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही. वाटेवर एखाद्या आजीला धक्का लागला तर दवाखान्याचं बिल, कोर्ट, नुकसानभरपाई, सगळं तुमच्या खिशातून. मला दंडापेक्षा याची भीती जास्त वाटते.

माळरान? कुरकुंभ-पाटसच्या बाजूला जे मोकळं दिसतं त्यातलं बरंच वनखात्याचं आहे. बोर्ड दिसला नाही म्हणून ते पडीक होत नाही. शेजारीच बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारासाठीच राखलेलं, आणि चिंकारा काही तालुक्याची हद्द बघून चरत नाही. लांडगे, खोकड, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सगळ्यांचं घर ते गवत आहे. आपल्याला रिकामं दिसतं, एवढंच. कालव्याकडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा. नदीपात्र सरकारी. आणि शिरूर तालुक्यात संध्याकाळनंतर उसाच्या कडेने उघड्या गाडीवर फिरायचं का, हे मी सांगायची गरज नाही. बिबट्यामुळे काय दिवस आलेत ते घरोघरी माहितीये.

मग उरलं काय? स्वतःची जमीन, किंवा मालकाने हो म्हटलेली जमीन. तिथे चालवा, कुणी अडवत नाही. पण तिथपर्यंत गाडी न्यायची कशी? चालवत नाही, छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये घालून. रॅप्टरची लांबी एकशे पंच्याऐंशी सेंटीमीटरच्या आत, छोट्या हत्तीत बसते. रॅम्प हवा, चार रॅचेट पट्टे हवेत. रॅम्पवर गाडीवर बसून चढू नका, बरेच जण तिथेच मागे उलटतात.

तुम्हाला रस्त्यावर चालणारीच क्वाड हवी असेल तर पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० भारतात ट्रॅक्टर म्हणून पास करून आणली होती, ३४ हॉर्सपॉवर, आली तेव्हा ७.९९ लाख एक्स-शोरूम. पण ती युटिलिटी गाडी आहे, स्पोर्ट नव्हे. आणि जर तुम्हाला पाबळपासून भीमेपर्यंत वाटावाटांनी भटकायचं असेल, म्हणजे खऱ्या अर्थाने ट्रेल, तर भावा, एक्सपल्ससारखी बाईक घे. दोन लाखांच्या आसपास, पासिंग, विमा, पार्ट शिरूरमध्ये, आणि चाकोरीतून सरळ जाते. एटीव्हीच्या एपिसोडमध्ये बाईक सुचवतोय म्हणून शिव्या येतील, येऊ दे.

सेकंडहँडच घ्यायची असेल तर कागद. या गाडीला आरसी नसते, त्यामुळे मालकी सिद्ध करणारी गोष्ट एकच: मूळ बिल, आणि बाहेरून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री. त्यावरचा चासी नंबर गाडीवर खरवडून बघा, जुळला पाहिजे. मी स्वतः एका ठिकाणी गेलो तेव्हा विक्रेता म्हणाला, कागद काय करता साहेब, ही काय रस्त्यावर चालते का. मी चहा पिऊन परत आलो. मग गाडी जॅकवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी हलवा. खुळखुळलं तर एक्सलचं बेअरिंग गेलंय. एअर फिल्टर उघडा. आतल्या बाजूला धूळ दिसली तर इंजिनने ती खाल्लीये, सोडून द्या. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ई-२० पेट्रोलने रबरी नळ्या कडक होतात, त्या बदलायचा खर्च धरा. वैयक्तिक अपघात विमा असेल तर साहसी खेळ त्यातून वगळलेत का, ते बारीक अक्षरात वाचा.

तर न्हावऱ्याच्या भावाला मी काय सांगितलं? साडेचारशेची सोड. आधी मला सांग, जमीन कुणाची? तो म्हणाला, चुलत्याची चार एकर आहे, पण त्यात ऊस. म्हणजे नाहीच. पिकअप? भाड्याने. रोजची राइड? होणार नाही, महिन्यातून दोनदा. मग म्हटलं, महिन्यातून दोनदासाठी बचत संपवायच्या आधी एकदा अंगाला लावून बघ. लोणावळ्याला डेला ॲडव्हेंचरमध्ये एटीव्ही मिळते चालवायला, तिथे आधी जाऊन ये. मग माझ्या मामाच्या माळावर ये. पाच एकर मुरूम, विहीर नाही, पीक नाही, मामाची परवानगी आहे, अट एकच की दुपारी शेरडं चरायला सोडायच्या आत गाडी बंद.

मित्राची ती क्वाड अजून आहे. नर्फ बार आता बसवलेत. तो या रविवारी येतोय, पिकअपवाला सात वाजता सांगितलाय, रॅम्प माझ्याकडे आहे. कसं झालं ते पुढच्या एपिसोडला त्याच्याच तोंडून ऐकू, ट्रॅक्टर बंद असताना.